ऐकण्याच्या नसेशेजारी

आमच्याकडं लग्नाला गेले की हमखास एखादी म्हातारी मला गाठते, पदर मागं सारते आणि कान पुढं करते. "शालन, तू कानाच्या हापिसात हुतीस न्हवं? बघ गं जरा, आत काय वळवळतंय." मी तिला उजेडाकडं वळवते आणि बघते. बहुतेक वेळा मळच असतो. तेल घालू नका, काडी घालू नका, भोरला दवाखान्यात दाखवा, एवढं सांगते. म्हातारीचा चेहरा पडतो. एवढं तर तिची सूनही सांगते. त्यासाठी पुण्याला जाऊन शिकायची काय गरज होती, असं ती बोलत नाही, पण तोंडावर दिसतं.

या अंकाच्या संपादकांनीही आधी 'कानाची निगा' यावर लिहा असंच सुचवलं होतं. मला त्यातलं फारसं कळत नाही असं मी म्हटलं, तर त्यांना तो विनय वाटला. म्हणून आधी स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी प्रयोगशाळा सहायक होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पुढची बरीच वर्षं मी ज्या पेशींवर काम केलं, त्या पेशी ऐकत नाहीत. ऐकणाऱ्या पेशींच्या शेजारी त्या नुसत्या बसून असतात.

कानात शिरलेला आवाज आतल्या गोगलगाईसारख्या वेटोळ्यात पोचतो. तिथून मेंदूकडं एक नस जाते. त्या नसेच्या पेशी वेटोळ्याच्या मध्यभागी दाटीवाटीनं बसलेल्या असतात आणि आवाज आला की मेंदूला वर्दी देतात. यातल्या प्रत्येक पेशीला दुसऱ्या पेशींनी चारी बाजूंनी लपेटलेलं असतं, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं. ही नुसती भर आहे, असं लोक पूर्वी समजायचे. बांगड्यांच्या खोक्यात पेंढा भरतात तसली. हा पेंढा काम करतो हे फार उशिरा लक्षात यायला लागलं.

काम काय, तर सांडलेलं उचलणं. नसेची पेशी वर्दी देते तेव्हा दर वेळी तिच्यातून थोडं पोटॅशियम बाहेर सांडतं. आमच्या वेल्ह्याकडच्या माणसाला हे चटकन कळेल. पावसात वरच्या खाचरात पाणी चढलं की बांधाला तोंड पाडून ते खालच्या खाचरात सोडावं लागतं. माझे वडील इरलं पांघरून, फावडं घेऊन दिवसभर तेच करत हिंडायचे. तोंड वेळेवर उघडलं नाही तर रोपं बुडून कुजतात. बी चांगलं, माती चांगली, लावणी चांगली, तरी कुजतात. लपेटणाऱ्या पेशींच्या अंगावर अशीच पोटॅशियमला वाट देणारी तोंडं असतात. आम्ही त्यांना चॅनेल म्हणायचो. सांडलेलं पोटॅशियम तिथून आत घ्यायचं आणि दूर नेऊन सोडायचं. ते साचून राहिलं तर नसेची पेशी आपणच सांडलेल्यात उभी राहते आणि थकते. मग पुढची वर्दी वेळेवर जात नाही.

ती तोंडं उघडतात का, किती उघडतात, हे बघणं ही माझी नोकरी.

बघायची रीत ऐकून आमच्या काकूला हसू आवरायचं नाही. काचेची बारीक नळी तापवून ओढायची, म्हणजे तिचं टोक केसाहूनही बारीक होतं. तिच्यात खारं पाणी भरायचं. उंदराच्या पिलाच्या कानातून काढलेल्या पेशी भिंगाखाली ठेवायच्या आणि नळीचं टोक एका पेशीला हळूच टेकवायचं. मग नळीला जोडलेली प्लॅस्टिकची ट्यूब तोंडात धरून किंचित हवा ओढायची. जोरात ओढली तर पेशी फाटते, हळू ओढली तर चिकटत नाही. चिकटली की पडद्यावर एक रेघ येते. पेशीच्या अंगावरच्या तोंडांतून किती वीज येते-जाते ते ती रेघ सांगते. पाण्यात बेरियम सोडलं की ही तोंडं बुजतात आणि रेघ खाली बसते. ती बसली म्हणजे आपण बघत होतो ते खरंच पोटॅशियमचं तोंड होतं.

"म्हंजी दिसभर तू उंदराचा कान चोखतीस," काकू म्हणायची.

तसंच म्हणायचं. टेबल हवेच्या गाद्यांवर ठेवलेलं, भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा, आणि मी ट्यूब तोंडात धरून श्वास रोखून बसलेली. बाहेर ट्रक गेला की पेशी गेली, कुणी दार आपटलं की पेशी गेली. कितीतरी दिवस असे असायचे की सकाळपासून बसून संध्याकाळी हातात एकही रेघ नाही. जबडा दुखायचा, मान दुखायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिलं, पुन्हा नळ्या. या कामानं माणूस थकतो, पण थकला असं कुणाला सांगता येत नाही, कारण तो दिवसभर खुर्चीतच बसलेला असतो.

मी तिथवर पोचले ती आप्पांमुळं. आप्पा म्हणजे बबन, माझे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ, या काकूचे यजमान, विजेच्या खात्यात वायरमन. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मुलीला भोरला कॉलेजात घालायचं म्हटल्यावर वडील तयार होईनात, तेव्हा आप्पा म्हणाले, "जाऊ द्या की. हितं राहून काय दिवं लावनार हाय? दिवं लावायला म्या हाय." घरात अभ्यासासाठी पहिला बल्ब त्यांनीच माझ्या कोपऱ्यात ओढून दिला. खांबावरून उतरवलेला, तार बसवायचा चिनीमातीचा एक फुटका कप त्यांनी मला पेनं ठेवायला आणून दिला होता. तो पुण्यात माझ्या टेबलावर होता. परदेशातून आलेल्या एका पाहुण्यांनी ही कुठली प्राचीन वस्तू म्हणून तो हातात घेऊन निरखला होता.

तोरण्याच्या अलीकडच्या आमच्या खोऱ्यात आप्पांना मोठा मान होता. पावसाळ्यात झाड पडलं, तार तुटली की सगळी वाडी त्यांच्या दाराशी. वायरमनचं काम बाहेरून सोपं दिसतं, पण खांबावर चढायच्या आधी लाईन बंद झाल्याची खात्री करून घ्यावी लागते. त्या काळी आमच्याकडं मोबाईल नव्हते. दुकानातल्या फोनवरून सबस्टेशनला कळवायचं, तिथला माणूस लाईन बंद करतो आणि तसं फोनवर सांगतो. याला ते परमिट म्हणतात. आप्पांचा एक नियम होता आणि तो ते नव्या पोरांना ऐकवायचे. आपली परमिट आपण घ्यायची, दुसऱ्याच्या तोंडावर वायरमन चढत न्हाई.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कानाच्या डॉक्टर होत्या. त्या अधूनमधून रविवारी भोरला शाळेच्या हॉलमध्ये कानतपासणीचं शिबिर घ्यायच्या. मी तिकडची, मला लोकांची भाषा कळते, म्हणून मला नेत. खरं तर मला ते आवडायचं. तिथं निदान जिवंत माणसं यायची. एकदा भोंगवलीचे एक आजोबा कानात मशीन लावून आले. तपासलं तर आत सेलच नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "सेल कशाला जाळायचा? मशीन दिसलं की मानसं आपसूक मोठ्यानं बोलत्यात." मॅडम हसल्या आणि त्यांनी त्यांना नवा सेल न देताच पाठवलं.

अशाच एका शिबिरात काकूनं आप्पांना आणलं. ते स्वतःहून आले नव्हते. काकूचं म्हणणं, ह्यांना हाका ऐकू येतात, भांडं पडलेलं ऐकू येतं, शेजारची शेळी ओरडलेली ऐकू येते, पण बोललेलं कळत नाही. विचारलं की नुसतं "व्हय व्हय" करतात. ऑफिसातही तेच चाललं होतं. साहेबांनी एकदा त्यांना तपासणीला पाठवलं होतं. तिथं कानात बारीक शिट्ट्या वाजवल्या, आप्पांनी एकूण एक ओळखल्या, आणि कान उत्तम असा निकाल आला. तेव्हापासून ऑफिसात कुणी म्हणे बबन मुद्दाम ऐकत नाही, कुणी म्हणे त्याला खांबावर चढायचा कंटाळा आलाय.

कंटाळा आला असता तर बरं झालं असतं.

शिट्ट्यांची तपासणी मी पुन्हा केली. खरंच सगळ्या ऐकू आल्या, माझ्याहूनही चांगल्या. आप्पांनी काकूकडं बघितलं, झालं का समाधान, अशा नजरेनं. मग मॅडमनी मला हॉलमधला पंखा मोठा करायला सांगितलं आणि आपल्या तोंडासमोर फाईल धरून साधे शब्द म्हणायला सुरुवात केली. पाणी, बैल, खुर्ची, सकाळ. आप्पांनी पुन्हा म्हणून दाखवायचे होते. त्यांनी पहिल्या शब्दाला मान डोलावली, दुसऱ्यालाही डोलावली. मग ते थांबले. फाईल खाली घेतल्यावर मात्र सगळे शब्द बरोबर आले. ते ओठांवरून ऐकत होते. किती वर्षं, ते त्यांनाही माहीत नसावं.

पुढं पुण्याला नेऊन डोक्याला तारा लावून तपासणी झाली. कानाचं वेटोळं ठीक होतं, आवाजाला ओ देत होतं. पण नसेतून मेंदूकडं जाणाऱ्या लाटा यंत्रावर उमटायलाच तयार नव्हत्या. नस मुकी नव्हती. ती वर्दी देत होती, पण ताल धरून नाही. आवाज आला एवढं कळायला ते पुरतं. बोलणं समजायला पुरत नाही, कारण शब्दात एकामागून एक बारीक गोष्टी झरझर येतात आणि त्या वेळच्या वेळी पोचाव्या लागतात.

मॅडमना ही केस फार महत्त्वाची वाटली. आम्ही उंदरांत जे शोधत होतो त्याच्या शेजारचंच काहीतरी समोर खुर्चीत बसलं होतं. मला मात्र खुर्चीत आप्पाच दिसत होते, गुडघ्यांवर हात ठेवून, इस्त्रीच्या शर्टात. मी त्यांच्या समोर बसले आणि सावकाश सगळं सांगितलं. नसेच्या पेशी, लपेटणाऱ्या पेशी, खाचराच्या बांधाची तोंडं. ते माझ्या ओठांकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "मंग माझ्या कानात घाल की तुझी ती नळी. कुठलं त्वांड मिटलंय बघ आन् उघड."

तसं करता येत नाही, मी म्हटलं. जिवंत माणसाच्या कानातून त्या पेशी काढता येत नाहीत. आणि तुमचा दोष त्याच पेशींत आहे का नसेत दुसरीकडं कुठं, हेही सांगता येत नाही. मशीन लावून आवाज मोठा होईल, शब्द स्पष्ट होणार नाहीत. औषध नाही.

"उंदराचं उघडतीस?"

"नाही. नुसतं बघतो."

आप्पांनी थोडा विचार केला. रागानं नाही, खरोखर समजून घ्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मंग तू करतीस काय तिथं?"

मला नोकरीत अनेकांनी अनेक अवघड प्रश्न विचारले आहेत. मोठमोठ्या परिषदांत विचारले आहेत. याच्यापुढं ते काहीच नव्हते.

मॅडम दाखला लिहून द्यायला तयार होत्या. आवाज ऐकू येतो पण बोलणं कळत नाही, फोनवर अवलंबून असलेलं काम देऊ नये. आप्पांनी दाखला घ्यायला नकार दिला. हलकं काम म्हणजे ऑफिसात टेबलाशी बसणं, नाहीतर दारोदार मीटर वाचत फिरणं. ते त्यांना नको होतं. शिट्ट्या ऐकू आल्या एवढंच लिहा, ते खोटं नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी अर्धं लिहायला नकार दिला, आणि कागद तसाच राहिला.

परतताना मी त्यांच्याबरोबर गावाला निघाले. नसरापूरला गाडी बदलली आणि वेल्ह्याच्या एसटीत बसलो. गाडी जरा रिकामी झाल्यावर मी त्यांच्याकडं तोंड करून विचारलं, फोनवर जर शब्द कळत नाहीत, तर परमिट कशी घेता?

आप्पा चक्क हसले. आपली युक्ती कुणाला तरी सांगायला मिळाली याचा त्यांना आनंदच झाला असावा.

"म्या फोनवर माझं सांगतो, लाईन बंद करा म्हनून. पल्याड मानूस बोलतंय एवढं कळतं. फोन ठिवतो आन् खांबाखाली येऊन हुभा ऱ्हातो. अमीनची गिरणी हाय न्हवं? ती ह्याच लाईनवर चालती. सगळ्या खोऱ्यात ऐकू येती. गिरणी थांबली की लाईन गेली. मंग चढतो."

अमीनचाचांची पिठाची गिरणी आमच्या गावच्या फाट्यावर आहे. पावसातसुद्धा तिची घरघर पलीकडच्या वाडीपर्यंत जाते. आप्पांना आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते, म्हणून त्यांनी शब्दांच्या जागी एक आवाज ठेवला होता. दुसऱ्याच्या तोंडावर न चढणारा माणूस गिरणीच्या तोंडावर चढत होता.

"आणि गिरणी दुसऱ्याच कशानं थांबली तर?"

"दळान टाकल्यावर मधीच कशाला थांबवील? शुक्रवारी दुपारी नमाजाला थांबवतो, तवा म्या चढतच न्हाई."

"पट्टा तुटला तर, आप्पा?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. माझे ओठ दिसले नाहीत म्हणजे प्रश्न आला नाही, अशी सोय त्यांना होती.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेले. अमीनचाचा आणि आप्पा लहानपणी गुंजवणी नदीत एकत्र पोहलेले. एकानं दुसऱ्याच्या घरचा सण चुकवला असं झालं नाही. चाचांना मी सगळं सांगितलं. ते पीठ भरायचं थांबले. पिठानं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, त्याखाली डोळे मोठे झालेले दिसले.

"गेल्या आठवड्यात पट्टा दोनदा निसटला," ते म्हणाले. "मला कुनी कायच सांगितलं न्हाई पोरी. म्या हितं दाणं बघत बसतो, आन् त्यानं आपला जीव माझ्या पट्ट्याला बांधून ठिवलाय व्हय?"

तुम्ही त्यांना समजवा, मी म्हटलं. चाचांनी मान हलवली. बबनला तोंडावर कसं सांगायचं, की माझ्या भरवशावर राहू नको म्हणून? काय वाटेल त्याला, ते म्हणाले. मी तरी कुठं सांगू शकले होते. मी सांगितलं होतं, पण खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाला. ऑफिसात जाऊन त्यांच्याविरुद्ध बोलायची मला छाती झाली नाही. ज्या माणसानं मला वर चढवलं त्याला खाली उतरवायला मी कुठल्या तोंडानं जाणार होते?

मी पुण्याला परत गेले आणि पुन्हा ट्यूब तोंडात धरली. त्या दिवसांत माझ्या पेशी फार फाटायच्या. काकूकडून निरोप यायचे. अमीनचाचा आता गिरणी बंद करायच्या आधी दारात येऊन खांबांकडं बघतात म्हणे, वेड लागल्यासारखं. पण बघून बंद करणं त्यांच्या हातात होतं, पट्टा त्यांच्या हातात नव्हता. पाऊस सुरू झाल्यावर त्यांनी काय केलं ते मला काकूनं सांगितलं नाही, कारण तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

ऐन पावसाळ्यात एका रविवारी मी गावी होते. ओढ्याजवळ जांभळाची फांदी पडून तार लोंबत होती. दुपारची वेळ, पाऊस जरा उघडलेला. आप्पा दुकानातून फोन करून आले, कमरेला पट्टा बांधला आणि खांबाखाली उभे राहिले. भोवती वाडीतली माणसं. मीही गेले. मला घरात बसवत नव्हतं.

आप्पा उभे होते, मान थोडी फाट्याच्या बाजूला कललेली. गिरणी चालू होती.

पण ती घरघर नव्हती. पुक, पुक, पुक, पुक असा आवाज येत होता आणि फाट्यावरच्या आंब्यामागून काळा धूर वर चढत होता. गावात वीज यायच्या आधीचं जुनं डिझेल इंजिन अमीनचाचांनी पोत्यांखालून काढून, साफ करून ठेवलं होतं, आणि या पावसात पहिल्यांदा तार पडल्याचं कळताच गिरणीला जोडलं होतं. लाईन असो वा नसो, ती गिरणी आता थांबणार नव्हती आणि कुणाला काही सांगणार नव्हती.

दुकानदार धावत आला. सबस्टेशनवाला विचारतोय, लाईन बंद करून कधीची झाली, अजून काम का सुरू नाही? कुणीतरी म्हणालं, "आप्पा, मुहूर्त बघताय व्हय?" दोघंतिघं हसले. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. ते इंजिन ऐकत होते. इंजिनाचा आवाज त्यांना आमच्यापेक्षा चांगला कळत होता. तो का येतोय हेही त्यांना कळलं, ते मी त्यांच्या मानेवरून ओळखलं. मग त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि बघितलं. फार वेळ नाही.

त्यांनी कमरेचा पट्टा सोडला.

"म्या चढत न्हाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला फोनवरचं कळत न्हाई. कवापासनं कळत न्हाई. पल्याडच्या गावच्या वायरमनला बोलवा."

कुणी हसलं नाही. दुकानदार खाली बघत परत फोनकडं गेला. पलीकडचा वायरमन मोटारसायकलवर येईपर्यंत आप्पा खांबाला टेकून उभे होते. तो आल्यावर त्याला फांदी कुठून तोडायची ते सांगितलं, दोर धरला, खालून पाना वर दिला. संध्याकाळी दिवे आले. आप्पा घरी येऊन जेवले आणि झोपले.

पुढच्या शिबिराला ते एकटेच भोरला आले आणि मॅडमकडून दाखला घेऊन गेले. ऑफिसानं त्यांना मीटर वाचायचं काम दिलं. दाखला पूर्ण लिहिलेला होता, त्यावर कुणी वाद घातला नाही. दारोदार समोरासमोर माणसं भेटत आणि त्यांचे ओठ दिसत. आकडे तर डोळ्यांनीच वाचायचे. त्यांना ते काम जमलं, पण आवडलं नाही. खांब चुकवून ते दुसऱ्या बाजूनं चालायचे, असं काकू सांगते.

बराच काळ ते माझ्याशी कामापुरतं बोलले. अमीनचाचांशी तेवढंही नाही. घरचं दळण फाट्यावर न जाता डोक्यावरून पुढच्या गावच्या गिरणीवर जायला लागलं. काकू रोज कुरकुरायची. "भांडान तुमचं, मान मोडती माजी." चाचांनी एकदाही विचारायला माणूस पाठवला नाही. आप्पांचं खांबावर चढणं थांबलं तसं चाचांनी डिझेल इंजिन पुन्हा पोत्यांखाली ठेवून दिलं होतं. मग एका सकाळी आप्पा स्वतः डबा घेऊन फाट्यावर गेले आणि रांगेत तो ठेवून ओट्यावर बसले. चाचांनी पहिलं दळण त्यांचं टाकलं. रांगेतल्या बायकांनी आरडाओरडा केला म्हणतात. या दोघांत त्या दिवशी काय बोलणं झालं, हे विचारण्यात अर्थ नाही. गिरणी चालू असताना आप्पांना काही कळलं नसतं, आणि चाचांनी ती थांबवली नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेतलं ते काम पुढं संपलं. एवढ्या वर्षांत मी जे बघितलं त्यातलं एक मला अजून नवल वाटतं. उंदराचं पिलू जन्मतः ऐकत नाही. काही दिवसांनी ऐकायला लागतं. आमच्या पडद्यावर दिसायचं, की अगदी लहान पिलांच्या लपेटणाऱ्या पेशींत ती पोटॅशियमची तोंडं जवळजवळ नसतात, आणि ऐकू येऊ लागण्याच्या सुमारास ती येतात. एका दिवाळीला मी हे आप्पांना सांगितलं, उजेडाकडं तोंड करून. त्यांनी लक्ष देऊन बघितलं.

"आन् माझी मिटली व्हय?"

"ते बघता येत नाही, आप्पा. अजूनही."

"बरं," ते म्हणाले, आणि मला चिवडा पुढं केला.

मी कृतज्ञ आहे. भोरच्या कॉलेजची आहे, मॅडमची आहे, त्या बल्बची आहे. काम वाया गेलं असंही मी म्हणत नाही; आम्ही लावलेली एखादी वीट पुढं कुणाच्या तरी भिंतीत बसेल. पण 'मंग तू करतीस काय तिथं?' या आप्पांच्या प्रश्नाला द्यायला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं आणि आता नोकरी संपल्यावरही नाही. माझ्या सगळ्या शिक्षणातून त्यांच्या कामी आलं ते एवढंच, की एका सकाळी मी डबा घेऊन गिरणीवर गेले.

परवा गावी गेले तेव्हा दळण आणायला फाट्यावर थांबले होते. आता आमच्याकडं वायरमन मोबाईलवर परमिट घेतात, दुसरी पोरं आहेत. आप्पा कधीचेच निवृत्त झालेत; ते गिरणीसमोरच्या ओट्यावर बसले होते. अमीनचाचा फार थकलेत, पण गिरणीवर येतात. माझं पीठ पडून झालं. चाचांनी बटणाकडं हात नेला, थांबले, भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी ओढ्याकडच्या खांबांची रांग शेवटपर्यंत बघितली. खांबाखाली कुणी नव्हतं. मग आत जाऊन त्यांनी गिरणी बंद केली, आणि ओट्यावर बसलेल्या आप्पांनी मान वर केली.